गोल्फमधला शँक घालवायला: सोडण की टॉवेल?

शँक या चुकलेल्या फटक्यात चेंडू आयर्नच्या (धातूच्या पात्याच्या काठीच्या) मानेवर, म्हणजे पातं दांड्याला जोडलेलं असतं त्या होझेलवर लागतो आणि उजवखोऱ्याचा सटकन उजवीकडे पळतो.

चेंडूमागे पातं टेकवा, त्याच्या टोकापलीकडे एक बोट जागा सोडून नारळाचं सोडण, म्हणजे वरचं टरफल ठेवा. (अख्खा नारळ नको, मनगट जाईल!) नऊ नंबरच्या आयर्नने अर्धाच स्विंग. सोडण उडालं, तर हात अंगापासून लांब जातायत.

टॉवेलची घडी मात्र चवड्यांखाली. वजन टाचांकडे राहतं. फटक्यानंतर पाऊल पुढे पडत असेल, तर आधी हाच उपाय. पण पावसाळ्यात गोव्यातल्या काणकोणच्या ओल्या हिरवळीवर टॉवेल घसरतो.

तोल सांभाळूनही शँक होतोय? मग सोडणच. चूक तिथल्या तिथे दिसते.