ऑटोकॅडमध्ये स्वतःचे हॅच आणि लिस्प: आठ महिने वापरल्यानंतर

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात घराचा सेक्शन (उभा छेद) काढताना काळी माती कुठवर आणि मुरूम कुठून, हे नकाशात दिसलंच पाहिजे. पाया किती खोल न्यायचा ते मिस्त्री त्यावरून ठरवतो. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रामसोबत येणाऱ्या हॅचमध्ये (भाग भरायच्या रेघा-ठिपक्यांच्या नक्षीत) हा फरक नीट दाखवता येत नाही, म्हणून स्वतःचे पॅटर्न टाकणं भाग आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. सोबत आलेल्या मूळ पॅट फाइलमध्ये (हॅचची नक्षी जिच्यात लिहिलेली असते ती फाइल) आपले पॅटर्न घुसवू नका. सेटिंग रीसेट केली किंवा नवीन व्हर्जन आलं की ते गेलेच समजा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, ऑप्शन्समध्ये फाइल्स टॅबखाली सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये (ऑटोकॅड ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्या यादीत) जोडा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. सपोर्ट पाथ आतल्या सबफोल्डरमध्ये शोधत नाही, तेव्हा पॅट फाइली थेट त्याच फोल्डरमध्ये हव्यात.

फाइल नोटपॅडमध्येच बनते. एका फाइलीत एकच पॅटर्न ठेवा. फाइलीचं नाव आणि पहिल्या ओळीत तारांकनानंतर येणारं नाव तंतोतंत सारखं हवं, तेही इंग्रजी अक्षरांत. आपल्याकडच्या नऊ-चार-तीनच्या विटेसाठी, म्हणजे साधारण २३० मिमी लांब, ७५ उंच आणि १० मिमी सांधा धरून, नावाखालच्या दोन ओळी अशा (फाइलीत आकडे इंग्रजीच टाका):

०, ०,०, ०,८५
९०, ०,०, ८५,१२०, ८५,-८५

पहिली ओळ आडवे थर काढते, एका थराला ८५. दुसरी उभे सांधे काढते: १२० म्हणजे २४० चा अर्धा, त्यामुळे प्रत्येक थरात सांधा अर्ध्या विटेने सरकतो. शेवटची ओळ संपल्यावर एंटर दाबायचंच, नाहीतर ती ओळ वाचली जात नाही. मुरुमासाठी ठिपके हवे असतील तर रेघेची लांबी (वरच्या दुसऱ्या ओळीत -८५ च्या आधी आहे तो आकडा) शून्य द्या.

दोन चुका हमखास होतात. नोटपॅड पॅटच्या मागे गुपचूप टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते लपवतं, म्हणून एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग आधी करा. दुसरी चूक स्केलची. हा पॅटर्न मिमीचा आहे. फूट-इंचात काढलेल्या नकाशात त्याचं स्केल ०.०३९३७ द्यावं लागतं. १ ठेवलं तर वीट २५.४ पट मोठी होते आणि भिंतीत एखादी रेघच दिसते. उलट, इंचाचा पॅटर्न मिमीच्या नकाशात १ स्केलने टाकला तर हॅच फार दाट झाल्याची तक्रार येते, चार जीबी रॅमचं मशीन तर गुदमरतंच. एलेव्हेशनमध्ये (घराच्या समोरून दिसणाऱ्या नकाशात) हॅचचा ओरिजिन (सुरुवातीचा बिंदू) प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या कोपऱ्यावर ठेवा, नाहीतर पहिलाच थर अर्धा कापलेला दिसतो.

लिस्प म्हणजे ऑटोकॅडमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम. ते ॲपलोड कमांडने चढवा आणि रोज लागणाऱ्या फाइली स्टार्टअप सूटमध्ये (ऑटोकॅड उघडताच चढणाऱ्या फाइलींच्या यादीत) टाका. लिस्पचं फोल्डर ट्रस्टेड लोकेशन्समध्येही जोडावं लागतं, सपोर्ट पाथ पुरत नाही. फाइल चढवताना येणाऱ्या इशाऱ्याला कंटाळून सिक्युअरलोड ही सुरक्षेची सेटिंग शून्य करणं मात्र धोक्याचं. पेनड्राइव्हवरून आलेल्या नकाशाशेजारी कुणी न ठेवलेली ‘अकॅडडॉक’ नावाची लिस्प फाइल दिसली तर ती आधी नोटपॅडमध्ये उघडून बघा. या नावाने फोल्डर-फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकणारे व्हायरस फिरतात. एलटी (ऑटोकॅडची स्वस्त, कमी सोयींची आवृत्ती) वापरणाऱ्यांना २०२४ च्या आधी लिस्प मिळत नव्हतं, हॅच मात्र चालायचे.

तालुक्याला प्लॉटरवर (मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर) डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची नकाशा फाइल, पाठवली तर तिथे पॅट फाइल नसली तरी हॅच दिसतो, कारण त्याच्या रेघांची माहिती नकाशातच साठते. फक्त तिथे पॅटर्न बदलता येत नाही. फॉन्टचं तसं नाही, फॉन्टची एसएचएक्स फाइल सोबत नसेल तर अक्षरं बदलतात. म्हणून छपाईला पीडीएफच द्या.