गुलमर्ग, औली की लाहौल? स्की टूरिंगला कुठे जायचं

हिवाळ्यात हिमालयात स्की टूरिंग करायचं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींपुढे तीन नावं येतात. काश्मीरचं गुलमर्ग, उत्तराखंडचं औली आणि मनालीच्या पलीकडचं लाहौल. विचारणारे बहुतेक जण एकच विचारतात, बर्फ कुठे चांगला? माझ्या हिशेबात तो दुसरा प्रश्न. पहिला असा, की उतारावर काही विपरीत घडलं तर पाव तासाच्या आत तुमच्यापर्यंत कोण पोहोचणार? या कसोटीवर लावलं की तिन्ही जागांचा क्रम बराच बदलतो.

नवख्यांसाठी थोडक्यात. स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला एकाच दिशेने केस असलेल्या पट्ट्या, म्हणजे स्किन्स, चिकटवायच्या आणि टाच मोकळी ठेवून चढत जायचं. वर पोहोचलं की स्किन्स सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि खाली घसरत यायचं. चढताना राजगड-तोरण्याचा दम कामाला येतो. उतरताना मात्र स्कीइंगच यावं लागतं, तेही न दाबलेल्या, मांडीभर बर्फात. मनालीजवळच्या सोलांगच्या रस्त्यावर नंबर टाकलेल्या दुकानांतून रंगीत सूट भाड्याने घेऊन दोन तास केलेलं स्कीइंग यात धरू नका.

बर्फ किती, यापेक्षा कसा

तिन्ही ठिकाणी हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या वाऱ्यांपुढे पीर पंजालची डोंगररांग आडवी उभी आहे, म्हणून गुलमर्गच्या वाट्याला भरपूर बर्फ येतो आणि एका वादळात मीटरभर पडल्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. लाहौल याच पीर पंजालच्या मागे आहे. तिथे पोहोचेपर्यंत ढग बरेच रिकामे झालेले असतात, त्यामुळे बर्फ कमी आणि थंडी जास्त. औली अक्षांशाने खाली, उंचीनेही बेताचं. गावाची आणि उतारांची उंची साधारण २५०० ते ३००० मीटर. उतार उत्तराभिमुख म्हणून पडलेला बर्फ टिकतो, पण मुळात पडेल याची खात्री नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, तरी बर्फाअभावी स्पर्धा रद्द करायची किंवा पुढे ढकलायची वेळ औलीवर पुन्हा पुन्हा आली आहे.

वरवर पाहिलं तर गुलमर्ग जिंकलं. पण धोक्याचा हिशेब वेगळा चालतो. बर्फाचा थर पातळ आणि वरची हवा कडाक्याची थंड असली की जमिनीची ऊब आणि हवेचा गारठा यांच्या ओढाताणीत तळाच्या बर्फाचे दाणे मोठे, कोरडे आणि सुटे होतात. मग त्यावर कितीही ताजा बर्फ पडो, खालचा पाया भुसभुशीतच. गुलमर्गजवळ, खिलनमर्गच्या वर एका गाईडने कंबरभर खड्डा खणून हे दाखवलं होतं. वरचा हातभर बर्फ मऊ, त्याखाली मूठ न रुतणारा टणक थर, आणि अगदी तळाशी, पिवळ्या गवताला लागून, चार बोटं जाडीचा असा थर की दाणे हातमोज्यातून डब्यातल्या साखरेसारखे घरंगळले. फावड्याच्या पात्यावर तळहाताने चार थापा मारल्यावर वरची अख्खी लादी पुढे सरकली. गाईड एवढंच म्हणाला, "आज बाउल नहीं, जंगल." बाउल म्हणजे डोंगराच्या कुशीतला वाडग्यासारखा उघडा उतार.

२०२३-२४ चा हिवाळा याचं ठळक उदाहरण. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरचा ऐन बर्फाचा काळ. त्या वर्षी तो जवळजवळ कोरडा गेला. जानेवारीत गुलमर्गच्या तपकिरी माळाचे फोटो सगळीकडे फिरले. जानेवारीच्या अखेरीपासून बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत जोरात कोसळला. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खाली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, वरच्या अंगाला हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीपटू दगावला. म्हणून 'उशिरा का होईना, भरपूर पडला' ही बातमी ऐकून तिकीट काढणाऱ्याला मी आठवडाभर थांबायला सांगतो. ताज्या बर्फाचे फोटो सर्वात सुंदर येतात ते दिवस आणि उतार सुटण्याचे दिवस बहुधा एकच असतात.

लाहौलमध्ये हा साखरेचा थर जवळपास दरवर्षीच असतो, म्हणून तिथे जानेवारी-फेब्रुवारीत टूरिंग मी सुचवतच नाही. मार्चच्या मध्यानंतर दिवसा बर्फ वितळून रात्री घट्ट गोठू लागतो, तेव्हा तिथला खरा हंगाम सुरू होतो. पहाटे चढायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं. दुपारचा ओला बर्फ आपल्याच वजनाने सुटतो.

पाव तासाचा हिशेब

हिमस्खलनात पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला, तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाकडे जाता जाता ते प्रमाण साधारण तिघांत एकावर येतं. सह्याद्रीत कुणी दरीत अडकलं तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात आणि पुष्कळदा पहाटेपर्यंत माणूस वरही येतो. ती सवय घेऊन बर्फात जाऊ नये. इथे रेस्क्यू टीम म्हणजे तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस. त्याच्याकडे बीकन (अंगावर बांधायचं, संदेश देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) आणि धातूचं फावडं हवं, आणि ते वापरण्याची तालीम हवी. बीकन दिशा आणि अंतर दाखवतो, प्रोब नेमकी जागा सांगतो, आणि सर्वात जास्त वेळ खातं ते खणणं. थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट बसतो. मीटरभर खाली असलेल्या माणसासाठी टनभर बर्फ उपसावा लागतो. दोघांच्या गटात एक गाडला गेला की उपसायला उरतो एक.

गुलमर्गची बाजू इथेच वजनदार ठरते. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा फेज वन. ती कोंगडूरीपर्यंत, सुमारे ३१०० मीटरवर जाते. २००५ मध्ये सुरू झालेली फेज टू अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३९५० मीटरच्या आसपास सोडते. गोंडोलाचं स्वतःचं स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं बचाव पथक आहे. मोठा बर्फ पडला की मुख्य बाउलमध्ये स्फोटकं टाकून सुटण्याजोगा बर्फ आधीच पाडतात आणि मगच फेज टू उघडते. वर माणसं असतात, आणि स्थानिक गाईड त्या नाळा लहानपणापासून ओळखतात.

पण ही मेख नीट लक्षात घ्या. हे सगळं मुख्य बाउलपुरतं. हद्दीचा दोर ओलांडून डावीकडे-उजवीकडे गेलात की डोंगर पूर्ण रानटी आहे, आणि टूरिंगवाले जातात ते नेमके तिकडेच. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. एकोणीस परदेशी स्कीपटूंना पोलीस आणि स्थानिकांनी सुखरूप खाली आणलं. गर्दीच्या जवळ असल्याचा फायदा दिसतो तो इथे. तरीही दोघे गेलेच. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० ला याच डोंगरावर, खिलनमर्गला, लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलची तुकडी सापडली आणि १७ जवान मृत्युमुखी पडले. डोंगर शिकलेली, शिस्तीची माणसं होती ती.

लिफ्टचा आणखी एक धोका कुणी बोलत नाही. चढाई न करता थेट ३९५० मीटरवर पोहोचता, म्हणजे उताराशी ओळखच होत नाही. स्किन्सवर दोन तास चढलेल्या माणसाला पायाखालचा 'धप्प' आवाज, थर बसल्याचा, तीनदा ऐकू आलेला असतो. गोंडोलातून आलेल्याला तो पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हा तो उताराच्या मध्यावर असतो.

औलीत हिमस्खलनाची भीती तुलनेने कमी, कारण तिथे टूरिंग होतं ते गोरसोन बुग्यालच्या (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं कुरण) सौम्य उतारांवर आणि ओक-देवदारांच्या कडेने. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. तेवढा कल टाळून दिवसभर फिरता येईल अशी औली ही या तिघांतली एकच जागा. मात्र औली सौम्य आहे म्हणून चमोली जिल्हा सौम्य ठरत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला याच जिल्ह्यात माणाजवळ सीमा रस्त्याच्या कामगारांची छावणी हिमस्खलनाखाली सापडली आणि आठ जण दगावले. कुवारी पासकडे हिवाळ्यात स्कीवर निघालात तर औलीचा सौम्यपणा मागे सुटलेला असतो.

लाहौलला तर 'कोण येणार' याचं उत्तर बहुतेक वेळा 'कोणी नाही' असंच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौलमधलं सिस्सू मनालीपासून तास-दीड तासावर आलं. त्यामुळे लोकांना वाटतं, डोंगरही जवळ आला. रस्ता जवळ आला, हे खरं. चंद्रा नदीच्या दोन्ही काठांचे उतार तसेच उभे आहेत, काही नाळांचा बर्फ थेट नदीपर्यंत येतो, आणि जोरदार हिमवृष्टीत बोगद्याकडची वाहतूकच थांबवतात. तेव्हा जखमी माणूस सिस्सूत आणि इस्पितळ बोगद्याच्या पलीकडे, अशी गत.

चंदीगडच्या डीजीआरई या बर्फ-हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेकडून, म्हणजे पूर्वीच्या मनालीच्या 'सासे'कडून, जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे मिळतात. ते जरूर बघा. पण ते जिल्ह्याचे असतात. तुम्ही ज्या नाळेत उतरणार तिचं उत्तर तिथे नसतं.

सॅटेलाइट मेसेंजरचं, म्हणजे मोबाइलला रेंज नसताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणाऱ्या यंत्राचं काय, हे ज्यांचे नातेवाईक परदेशात आहेत ते हमखास विचारतात. आल्प्समध्ये सर्रास वापरलं जाणारं ते यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये असं यंत्र जवळ होतं म्हणून गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला अडवलं होतं. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेलं यंत्र घेऊन श्रीनगरच्या विमानतळावर जाऊ नका. आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्या.

छोटे अपघात, जे जास्त होतात

बातमी हिमस्खलनाची होते, पण सहल बिघडते ती गुडघ्याने. जड, ओल्या बर्फात स्की अडकते, शरीर पुढे जातं आणि गुडघा पिळवटतो. गुलमर्गहून श्रीनगरचं बर्झुल्ल्याचं हाडांचं इस्पितळ सुमारे ५० किलोमीटर. तंगमर्गपर्यंतचा बर्फाळ घाट चेन लावलेल्या गाडीने, पुढे सरळ रस्ता. औलीत मोडलेल्या पायाला जोशीमठात प्लास्टर होईल, पण शस्त्रक्रियेसाठी ऋषीकेश, म्हणजे डोंगरी रस्त्याने अडीचशे किलोमीटर. मनालीत मिशनचं लेडी विलिंग्डन इस्पितळ आहे, पण आधी बोगदा उघडा हवा.

स्किनचा गोंद थंडीत आणि बर्फाच्या भुकटीने निकामी होतो, म्हणून दुसऱ्या चढाईआधी स्किन्स जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवतात. भाड्याने मिळणारी टूरिंगची बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ) आणि बीकन यांची खात्री फक्त गुलमर्गलाच थोडीफार धरता येते. औलीत मिळतं ते सरळ उतारावरचं साधं सामान, त्याने चढता येत नाही.

मग कुणी कुठे जावं

स्कीइंग अजून यायचं असेल तर औली, किंवा गुलमर्गच्याच भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेचा कोर्स. औलीला रोपवे गृहीत धरू नका. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागल्यावर तो बंद केला होता. रस्त्याने जायची तयारी ठेवा.

कोर्स झाला आहे, दाबलेल्या उतारावर कुठेही थांबता-वळता येतं, अशांनी गुलमर्ग, स्थानिक गाईडसह, शक्यतो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. वारा आणि बर्फाने फेज टू काही दिवस बंदच राहणार हे धरूनच आठवडा ठरवा. अशा दिवशी मंकी हिलच्या झाडीत स्किन्सवर चढणं हा खरा टूरिंगचा धडा. अफरवतवरून थेट तंगमर्गच्या अंगाला साधारण १८०० मीटरची उतराई मिळते, ती देशात दुसरीकडे इतक्या सहज मिळत नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्राचे सहा जण गेले. त्यानंतर घरून विरोध होत असेल तर तो समजण्यासारखा आहे, आणि त्यावर वाद घालण्यापेक्षा औली निवडलेलं बरं.

लाहौल फक्त त्यांच्यासाठी, ज्यांनी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घेतलं आहे आणि ज्यांचा चार-पाच जणांचा गट आधीपासून एकत्र चढतो. इंटरनेटवर जमवलेल्या अनोळखी गटाबरोबर तर मुळीच नाही.

कुठलीही जागा ठरवा, पैसे भरण्याआधी गाईडला फोन करा. बीकन किती आहेत, बॅटऱ्या नव्या घालणार का, पहिल्या सकाळी गाडलेला बीकन शोधायची तालीम घेणार का, आणि या हंगामात तळाचा थर कसा आहे, हे विचारा. उत्तरात नुसतं "बर्फ एकदम मस्त है सर" एवढंच आलं, तर दुसरा नंबर फिरवा.