न्यू इंग्लंडची एकजूट: १६४३ ची आणि १६८६ ची

दोन्ही वेळा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इंग्रज वसाहती एकत्र आल्या, पण पहिल्यांदा आपणहून आणि दुसऱ्यांदा राजाच्या हुकमाने.

१६४३ च्या संघात मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेक्टिकट आणि न्यू हेवन होत्या. प्रत्येकीचे दोन प्रतिनिधी, आठपैकी सहा मतांनी निर्णय. ऱ्होड आयलंडला मात्र दारातच अडवलं! संघ तसा लेचापेचाच. १६५३ मध्ये डचांशी लढायचं ठरलं, तर मॅसॅच्युसेट्सने सरळ अंग काढून घेतलं.

इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचं १६८६ चं ‘डोमिनियन’, म्हणजे एकाच गव्हर्नरच्या हाताखाली जोडलेल्या वसाहती, कागदावर कितीतरी भक्कम. १६८८ मध्ये न्यूयॉर्क आणि जर्सीही त्यात ओढले गेले. पण गव्हर्नर एडमंड अँड्रॉसने लोकांच्या नेमक्या दुखऱ्या नसांवर बोट ठेवलं. निवडून आलेली विधिमंडळं गेली, गावसभा वर्षातून एकदाच, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींच्या मालकीवरच प्रश्नचिन्ह. विधिमंडळाविना लादलेला कर भरायला इप्सविच गावाने नकार दिला, तेव्हा पाद्री जॉन वाइज यांना तुरुंगवास आणि दंड झाला.

विस्कळीत संघ चाळीसेक वर्षं रखडत का होईना टिकला. डोमिनियनला तीन वर्षंही धड मिळाली नाहीत: इंग्लंडमध्ये जेम्सची गादी गेल्याची बातमी आली आणि १८ एप्रिल १६८९ ला बॉस्टनकरांनी अँड्रॉसलाच कैदेत टाकलं.