लेझरनं चष्म्याचा नंबर काढायचा, पण डॉक्टर कोणता?

मी अमळनेरला कापसाच्या जिनिंगवर कामाला. सीझनमध्ये रुईचं तूस हवेत इतकं असतं की दर दहा मिनिटांनी चष्मा पुसावा लागतो, आणि चष्मा काढला की समोरच्या गठाणीवरचा आकडाही दिसत नाही. लेन्स लावून पाहिल्या, तर संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. म्हणून गेल्या वर्षी सव्वीस पूर्ण झाल्यावर लेझर करायचं ठरवलं.

आधी एका मोठ्या शहरातल्या चकाचक दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. तिथं डॉक्टरांच्या आधी समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी तीन पॅकेजं दाखवली, ‘प्रीमियम’ पंच्याहत्तर हजारांचं. सकाळपासून लेन्स डोळ्यातच होत्या. मशीनसमोर बसताना त्या काढायला लावल्या आणि लगेच मापं घेतली. नंबर निघाला सव्वापाच. डॉक्टर शेवटी दोन मिनिटं आले, "काही अडचण नाही, शनिवारी करून टाकू" म्हणाले. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पैसे भरायच्या आधी घरच्यांच्या आग्रहाखातर जळगावला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "लेन्स कधी काढल्या?" सकाळी, म्हटलं. "मग आज तुमचं माप घेण्यात अर्थ नाही. लेन्सनं कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार दबतो. पंधरा दिवस चष्म्यावर राहा आणि या." पॅसेंजरनं परत. रागच आला होता.

पंधरा दिवसांनी नंबर निघाला पावणेसहा. मग त्यांनी पेंटाकॅम नावाच्या मशीननं काढलेला कॉर्नियाचा रंगीत नकाशा माझ्याकडे फिरवला आणि कागदावर हिशेब मांडला. माझ्या कॉर्नियाची जाडी ४८५ मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी), साधारण माणसाची ५४० च्या आसपास असते. लॅसिक या नेहमीच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची चकती कापून उचलायची, तिचे ११० गेले. एका नंबरामागे पंधराएक मायक्रॉन लेझर खातो, म्हणजे आणखी ८६. खाली उरतात २८९. "मी तीनशेच्या खाली जात नाही," ते म्हणाले. कॉर्निया फार पातळ राहिला तर पुढे फुगून शंकूसारखा पुढे येऊ शकतो, मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. चकती न कापता फक्त वरचा नाजूक थर काढून लेझर मारायचा, त्याला पीआरके म्हणतात. त्यात साडेतीनशेच्या जवळपास शिल्लक राहत होते.

डोळे चोळायची सवय आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. सोबत आई होती. तिनंच उत्तर दिलं, "दिनभर चोयस!" चोळण्यानं तो शंकूचा आजार बळावतो, हे तेव्हा कळलं. मग बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतला पडदाही तपासला. त्या दिवशी ऊन असं डोळ्यात शिरलं की स्टेशनपर्यंत आईचा हात धरून चाललो.

"रेल्वेची भरती द्यायचीय का?" असंही डॉक्टरांनी विचारलं. मला नाही द्यायची, पण मावसभाऊ असिस्टंट लोको पायलटच्या मागे होता. चष्मा चालत नाही म्हणून लेझर करून फॉर्म भरू, असा त्याचा बेत. त्या पदाला लेझर केलेला उमेदवारही चालत नाही! भुसावळजवळ राहून त्याला हे माहीत नव्हतं.

तारीख ठरवतानाही त्यांनी माझं काम विचारलं. सीझनमध्ये तूस, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन, आणि पीआरकेनंतर कडक उन्हानं कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. म्हणून जुलैअखेर. दोन्ही डोळ्यांचे तीस हजार, थेंब आणि गॉगल वेगळे.

लेझर मिनिटाभरात संपला, केस जळल्यासारखा वास आला. पण "थोडं टोचेल" हे डॉक्टरांचं वाक्य मला मान्य नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यात मिरचीची पूड घातल्यासारखं झालं, अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो. पाचव्या दिवशी डोळ्यावर पट्टीसारखी बसवलेली लेन्स काढली तेव्हा कॅलेंडर दिसलं, तारखा नाही. स्पष्ट दिसायला महिना गेला. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते, तिच्या विसर्जनाला गॉगल लावून ओट्यावर बसलो, नाचायला गल्लीतली पोरं होती.

आज उजवा शून्य, डाव्यात पाव. रात्री पारोळ्याकडून येताना समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती अजून कडं दिसतं, पण सुरुवातीपेक्षा कमी. कोरडेपणाचे थेंब चालू आहेत.

जळगावच्या या डॉक्टरांना रेटिंग देताना एक तारा मात्र कापतोय. अपॉइंटमेंट अकराची, आत बोलावलं दीडला, बसायला बाकं कमी, आणि तिसऱ्या रात्री दुखत होतं तेव्हा दवाखान्याचा फोन कोणी उचलला नाही.