२७.५ प्लस हार्डटेल : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

वापराचा काळ मार्च ते ऑक्टोबर. सायकल अशी : अॅल्युमिनियमची हार्डटेल फ्रेम, १२० मिमी दबणारा एअर फोर्क (पुढच्या चाकाचा हवेवरचा शॉक), २७.५ × २.८ चे टायर (२७.५ इंची चाक, २.८ इंच रुंदी; एवढ्या रुंद टायरच्या मापाला 'प्लस' म्हणतात), आतून ३५ मिमी रुंद रिम, पुढे ३० दातांची एकच चेनरिंग, मागे १०-५१ ची बारा गिअरची कॅसेट. चालवणाऱ्याचं वजन पाठीवरच्या पाण्यासकट ७८ किलो. वाटा पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरच्या आणि लोणावळा-राजमाचीच्या, शिवाय तिथवर पोहोचण्यापुरतं डांबर.

हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसतं, ते काम इथे टायरमधली हवा करते. त्यामुळे या सायकलीचं बरंवाईट बहुतेक वेळा हवेच्या दाबापाशीच येऊन थांबतं. २.८ च्या टायरमध्ये एका पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) फरकही बुडाला कळतो. या वजनाला पुढे १४ आणि मागे १६ वर सायकल जुळून आली. मागे २० भरले की टायर चेंडूसारखा वागतो. दगडावर दबतो आणि तेवढ्याच जोराने उसळतो, कारण हवेला शॉकसारखं डॅम्पिंग, म्हणजे उसळी मंदावण्याची सोय, नसतं. मागे १३ वर आणलं की वळणात टायर रिमवर डुलतो आणि दगडाच्या धारेवर रिम थेट आपटते. तो 'टण्ण' आवाज आला की थांबून रिमची कड बोटाने चाचपावी. खळगा पडला असेल तर हवा हळूहळू तिथूनच जाते. पुढे १२ च्या खाली गेलं तर डांबरावर हँडल आपणहून आत वळू लागतं.

फ्लोअर पंपाच्या काट्यावर इतक्या कमी दाबाला भरवसा ठेवता येत नाही. १६० पर्यंतच्या तबकडीवर १४ आणि १६ मध्ये जेमतेम केसाएवढं अंतर असतं. सायकलीबरोबर पहिली खरेदी डिजिटल गेजची करावी. ते नसताना हीच सायकल कुणी 'जड आणि सुस्त' म्हणेल, कुणी 'उड्या मारते' म्हणेल, आणि दोघांचंही खरं असेल.

पकड हा या मापाचा खरा नफा. टेकडीवरचा मुरूम म्हणजे टणक जमिनीवर पसरलेले सुटे दाणे. अरुंद टायर त्यावर ज्वारीच्या राशीवर पाय पडल्यासारखा सरकतो. जमिनीला टेकणारा टायरचा भाग ढोबळमानाने वजन भागिले दाब इतका असतो. म्हणजे २५ पीएसआयवरच्या २.३ टायरपेक्षा १५ वरचा हा टायर दीडपटीहून अधिक जागा धरतो. राजमाचीच्या वाटेवर सुट्या गोट्यांच्या चढाला सीटवर बसून संथ पायडल मारत राहिलं तरी मागचं चाक फिरून वाया जात नाही. चढाला ज्यांचा तोल जातो त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळेल. डांबरावर मात्र टायर ओढल्यासारखा वाटतो. जाताना २२-२४ भरून जावं, वाट सुरू झाली की हवा काढावी.

ट्यूब घालून हे माप वापरण्यात अर्थ नाही. १६ पीएसआयवर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला हवा वाढवावी, तर टायर रुंद घेतल्याचा फायदाच गेला. ट्यूबलेस करताना ३५ मिमीच्या रिमला ३८ ते ४० मिमीची टेप लागते. रिम स्पिरिटने पुसून टेप ताणून लावायची आणि व्हॉल्व्हच्या भोकापुढे १५ सेंमी एकावर एक येऊ द्यायची. भोक तापवलेल्या दाभणाने पाडावं. कात्रीने कापलं तर टेप तिथूनच फाटत जाते. रात्रभर आत ट्यूब घालून ३० पीएसआय भरून ठेवली की टेप नीट बसते. मग ट्यूब काढून, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावून, व्हॉल्व्हची कोर (आतला सुटा होणारा भाग) काढून एका दमात हवा सोडायची. साध्या पंपाने कड चढत नसेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर काम होतं, पण प्रेस्टा व्हॉल्व्हचा (सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह) अॅडॉप्टर आपला न्यावा. टायरवर छापलेला कमाल दाब ओलांडू नये. कड 'पट्' करून दोन्हीकडे बसली की हवा सोडून प्रत्येक चाकात ११० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालायचं. बाटलीवर साध्या टायरसाठी दिलेलं ६० मिलीचं माप इथे पुरत नाही.

बाभळीच्या काट्यांसाठी हे सगळं करायचं. काटा उपटला की पांढरा फेस येतो. भोक खाली राहील असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबलं की फेस बंद होतो. एप्रिल-मे मध्ये मात्र सीलंट दीड-दोन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवावं. आत पाण्याचा खळखळाट नसेल तर ६० मिली आणखी घालावं.

काट्यांपेक्षा मोठी अडचण टायरच्या बाजूच्या भिंतीची. वजन कमी ठेवण्यासाठी बऱ्याच प्लस टायरच्या भिंती पातळ असतात, आणि सह्याद्रीच्या फुटक्या काळ्या दगडाची धार सुरीसारखी. भिंतीवरचा चिरा ५-६ मिमीच्या वर गेला की सीलंट हरतं, प्लगही (भोकात कोंबायची रबरी वात) टिकत नाही. म्हणून मागे जाड भिंतीचाच टायर घ्यावा, मग तो दीडदोनशे ग्रॅम जड असला तरी चालेल.

पावसाळ्यात मत दोन्हीकडे झुकतं. मुरमातून पाणी लगेच झिरपतं, तिथे टायर उत्तम चालतो. काळ्या मातीत सायकल नेऊच नये. टायर आणि चेनस्टे (फ्रेमच्या मागच्या चाकालगतच्या खालच्या नळ्या) यांच्यात बोटभरही जागा नसते. चिखल तिथे अडकतो आणि त्यातली रेती रंग खरवडून धातूपर्यंत पोहोचते. चेनस्टेच्या आतल्या बाजूला पारदर्शक फिल्म पहिल्याच आठवड्यात लावावी. शेवाळलेल्या दगडावर रुंदी कामाला येत नाही, तिथे फक्त टायरच्या रबराचा मऊपणा उपयोगी. ओल्या रेतीत रेझिनचे ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात. मेटल पॅड घालण्याआधी डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलंय का बघा. असेल तर डिस्कही बदलावी लागेल.

सुरुवातीच्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर स्पोकचा ताण तपासून चाकाचा आउट काढून घ्यावा, मागचं चाक आधी. फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस साधारण ५० तासांनी. पावसाळ्यात त्याच्याही आधी.

आता निवडीबद्दल. 'फॅट टायर' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या २६ × ४ च्या लोखंडी सायकली हा वेगळाच प्रकार आहे. कडक फोर्क, अवाढव्य वजन आणि भोकं पाडलेल्या रिम. अशा रिमला ट्यूबलेस बसवणं जिकिरीचं. ट्रेलसाठी मागे १२ × १४८ आणि पुढे १५ × ११० (मिमी) चे थ्रू अॅक्सल, म्हणजे फ्रेम आणि फोर्कमधून आरपार जाणारे जाड आस, आणि टेपर्ड हेडट्यूब, म्हणजे खाली रुंद होत जाणारी फ्रेमची पुढची नळी, पाहा. फोर्क १२० ते १३० मिमी पुरे. हार्डटेलवर बसलं की फक्त पुढची बाजू दबते, दर २० मिमीला हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) जवळजवळ एका अंशाने उभा होतो; १५० मिमीच्या फोर्कवर हा फरक फार वाढतो.

आणि फ्रेममध्ये २९ ची चाकं बसतात का, हे विकत घेण्याआधी विचाराच. २७.५ प्लसचे पहिले टायर २०१४ मध्ये आले, पण पुढे उत्पादक २९ × २.४ आणि २.६ कडे वळले. ट्रेक कंपनीची रोस्को ही हार्डटेल आधी २७.५ × २.८ वर यायची, आता २९ वर येते. आपल्याकडे २.८ चा टायर सहज मिळत नाही. मागचा टायर निम्मा झिजला की नवा शोधायला लागावं. याच चाकावर २.४ चढवला तर बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस बसतो तो फ्रेमचा भाग) सुमारे १० मिमी खाली येतं आणि पायडल दगडांना लागू लागतात. २९ × २.३ घातला तर ते ५-६ मिमी वर जातं, ते चालून जातं. रिम तीच ठेवायची असेल तर २.६ चा टायर सर्वांत सोयीचा : ३५ मिमीवर नीट बसतो, दाब १८-२० लागतो, आणि चिखलाला दोन्ही बाजूंना थोडी जागा मिळते.

बॅगेत प्लग, जुन्या टायरचा ५ × ८ सेंमीचा तुकडा आणि एक ट्यूब हवीच. चिरा मोठा असेल तर तुकडा आतून लावून त्यावर ट्यूब भरता येते. २.८ ची ट्यूब जड असते, २७.५ × २.४ ची ट्यूब ताणून बसते आणि घरी पोहोचवते.