पुण्यातली ‘फ्री’ जर्मनी कन्सल्टन्सी : 5 पैकी अडीच स्टार

मेकॅनिकल झाल्यावर जर्मनीत मास्टर्स करायचं होतं म्हणून डेक्कनच्या एका कन्सल्टन्सीत गेले होते, नाव मुद्दाम टाकत नाहीये. बोर्डावर भल्या मोठ्या अक्षरात ‘फ्री काउन्सेलिंग’, आत एसी, कॉफी, भिंतीवर अ‍ॅडमिट मिळालेल्यांचे फोटो, एकदम झकास.

काउन्सेलरने मार्कशीट उघडूनही बघितली नाही. 7.4 सीजीपीए ऐकलं आणि म्हणाला, "पब्लिकचं अवघड आहे ताई, आपण बर्लिनला प्रायव्हेट करून टाकू, ऑफर लेटर पटकन येतं." फी किती, तर वर्षाला दहा-बारा हजार युरो! अरे, माणसं जर्मनीला जातात कशासाठी, बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही म्हणूनच ना? (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो घेतात आणि टीयू म्युनिकनेही 2024 च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपियन युनियनच्या बाहेरच्यांना फी लावलीये, तेवढं सोडून.)

घरी येऊन आपले मार्क जर्मन ग्रेडमध्ये बदलायचा मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला लावला. 10 मधून सीजीपीए वजा, गुणिले 3, भागिले 6 (10 मधून पासिंगचे 4 गेले की 6), अधिक 1. माझं आलं 2.3. तिकडे 1 म्हणजे टॉप आणि 4 म्हणजे काठावर पास, आणि कितीतरी कोर्सेसना 2.5 पर्यंत चालतं. मग अवघड काय होतं? तर प्रायव्हेटवाले अ‍ॅडमिशनमागे कमिशन देतात, सरकारीवाले छदाम देत नाहीत, फुकटच्या कॉफीचे पैसे तिथूनच निघतात.

मी पब्लिकवरच अडून बसले तेव्हा पेड पॅकेज बाहेर आलं. त्यात युनिव्हर्सिटीची लिस्ट, जी डाड (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती आणि स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) च्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते, आणि युनि-असिस्टचा (बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिटींसाठी अर्ज घेणारी संस्था) फॉर्म, जो आपला आपण भरता येतो (पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30). एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) तर विचारूच नका, माझं आणि मैत्रिणीचं पहिलं वाक्य सेम टू सेम, फक्त ब्रँच बदललेली 😂 एपीएसचं (आपली डिग्री-मार्कशीट खरी असल्याचं सर्टिफिकेट) म्हणे ऑफर आल्यावर बघू. 18,000 रुपये फी आहे, नोव्हेंबर 2022 पासून व्हिसाला कंपल्सरी आहे आणि काही युनिव्हर्सिटी अर्जासोबतच मागतात, ते सगळ्यात आधी लावायचं सोडून हे असले सल्ले!

पण व्हिसाचं बघणाऱ्या मॅडम मात्र हिरा आहेत. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, हे आपल्याकडचं नेहमीचं त्रांगडं त्यांनी पहिल्याच नजरेत पकडलं आणि अ‍ॅफिडेव्हिट करून आणायला लावलं. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटचे 11,904 युरो ऐकून आईने कपाळाला हात लावला होता, तिला वाटलं फीच आहे, तर मॅडमनी शांतपणे समजावलं की काकू, पैसे तुमचेच, हिच्याच नावावर राहतात आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला 992 सुटतात. फाइल अशी लावून दिली की मुंबईला व्हिसाच्या काउंटरवर एक कागद शोधावा लागला नाही.

म्हणजे अडीचमधले दोन स्टार मॅडमचेच धरा. जायचं असेल तर फक्त व्हिसा फाइलचं काम वेगळे पैसे देऊन करून घ्या, तेवढंच करून देतात ते, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.