एचपीव्हीचं स्व-नमुना किट: काडी चोख, रिपोर्ट अर्धवट

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, म्हणजे त्यामागचा एचपीव्ही हा विषाणू अंगात आहे का ते पाहणं, आता बाईला स्वतःच्या हाताने, बाथरूमचं दार लावून करता येते. याच्या जाहिराती पुष्कळ दिसतात, पण ती प्रत्यक्ष केलेल्या बाईने मोकळेपणाने लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही. मी केली, माझ्या थोरल्या बहिणीनेही केली. तिचा निकाल निगेटिव्ह आला, माझा पॉझिटिव्ह. त्यामुळे किटच्या दोन्ही बाजू आम्हाला पाहायला मिळाल्या. आधीच सांगून टाकते: नमुना घेण्याचं काम हे किट फार छान करतं. निकाल हाती पडल्यावर मात्र ते बाईला वाऱ्यावर सोडतं.

माझं वय ५४. पाळी जाऊन काही वर्षं झाली आहेत. पाळी गेल्यावर योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, हे बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत. पॅप तपासणीसाठी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी तपासायला घेण्यासाठी, डॉक्टर स्पेक्युलम आत घालून योनीच्या भिंती बाजूला करतात. पाळी चालू असताना ते मला नकोसं वाटायचं, इतकंच. शेवटच्या वेळी इतकं दुखलं, की तपासणी मधेच थांबवावी लागली. त्यानंतर मी गेलेच नाही. अशा बायका थोड्या नाहीत. कुणाला माझ्यासारखा कोरडेपणा असतो, कुणाचे स्नायू हात लागताच आवळले जातात, कुणावर पूर्वी जबरदस्ती झालेली असते, कुणाला गुडघे आणि कंबर त्या टेबलावर पडू देत नाहीत. या सगळ्यांना ‘घाबरू नका, अंग सैल सोडा’ एवढंच ऐकायला मिळतं. हे किट खरं तर यांच्यासाठीच आहे.

खोक्यात एक सीलबंद स्वॅब, झाकणाची नळी, बारकोडचं स्टिकर, नळी ठेवायची पिशवी, परतीचं पाकीट आणि घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. मी नोकरीभर शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या, लेबलं आणि सूचनांचे कागद सांभाळले, त्यामुळे या वस्तूंकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. स्वॅब म्हणजे लांब, लवचीक काडी. टोकाला मऊ तंतूंचा झुपका आणि मधे एक लाल खूण. टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर साधारण दोन इंच. काडी खुणेपर्यंत आत सरकवायची, २० ते ३० सेकंद हळूहळू गोल फिरवायची, बाहेर काढून थेट नळीत ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मी एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवून उभी राहिले. आत काहीतरी घासतंय एवढं जाणवलं, दुखलं अजिबात नाही. स्पेक्युलमशी याची तुलनाच होऊ शकत नाही. नंतर रक्ताचा डागही पडला नाही.

काडी आत असताना मनात एकच धाकधूक होती: गर्भाशयमुखापर्यंत पोचली का? त्याचं उत्तर असं, की तिथपर्यंत पोचायची गरजच नसते. हे वाक्य माहितीपत्रकात आहे, पण मागच्या पानावर, बारीक अक्षरांत, आकृतीपासून दूर. ते पहिल्या पानावर ठळक हवं होतं. काळजीपोटी बाई काडी खुणेच्या पुढे ढकलायला जाते किंवा घाबरून अर्ध्यावर थांबते, ते नेमकं याच क्षणी. आकृतीतली बाई सडपातळ आणि तरुण आहे. पोट मोठं असलेल्या, वाकता न येणाऱ्या बाईने कसं उभं राहायचं किंवा कुशीवर पडून कसं करायचं, याचं चित्र नाही.

ताईची अडचण निराळी. तिला बोटांचा संधिवात आहे. काडी फिरवणं तिला जमलं, नळीचं झाकण उघडेना. बारीक, गुळगुळीत झाकण, कडेला खाचा नाहीत. शेवटी मी दाराबाहेर उभी राहून नळीचं झाकण सैल केलं आणि नळी आत दिली. साठीच्या बायकांसाठी वस्तू बनवताना त्यांच्या बोटांचा विचार व्हायला हवा होता. झाकण थोडं रुंद आणि खाचांचं केलं, तर ज्या बायकांना खासगीपणा हवा म्हणून त्या किट घेतात, त्यांना दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागणार नाही.

‘घरी करायची तपासणी’ म्हटलं की ती दुय्यम असणार असं वाटतंच, म्हणून मी तिच्यामागचं शास्त्र नीट वाचून काढलं. पॅप तपासणीत पेशींचं रूप बदललंय का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी पेशी गर्भाशयमुखावरूनच घ्याव्या लागतात आणि तो भाग डोळ्यांनी दिसावा लागतो. एचपीव्ही तपासणीत पेशींच्या रूपाशी संबंध नाही, तिथे विषाणूचा डीएनए शोधतात. गर्भाशयमुखाच्या पेशी झडून योनीत उतरत असतात, त्यांच्याबरोबर विषाणूही येतो. पीसीआर पद्धतीने त्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात, त्यामुळे थोडासा नमुनाही पुरतो. या कर्करोगामागे हा विषाणू आहे हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं. त्यांच्या गटाने १९८३ मध्ये प्रकार १६ आणि पुढच्या वर्षी प्रकार १८ शोधला. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांच्या मुळाशी हेच दोन प्रकार आहेत.

माझी शंका खरी मिटली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०१८ च्या आढाव्याने. त्यात ५६ अभ्यास एकत्र करून बाईने स्वतः घेतलेला नमुना आणि डॉक्टरने घेतलेला नमुना यांची तुलना केली होती. लॅब पीसीआरवर आधारित चाचणी वापरत असेल, तर गंभीर पूर्वकर्करोग बदल (पुढे कर्करोग होऊ शकेल असे पेशींतले बदल) पकडण्यात दोन्ही नमुने जवळजवळ सारखेच ठरतात. विषाणूच्या प्रती न वाढवता नुसता संकेत मोठा करणाऱ्या चाचण्यांमध्ये मात्र स्वतः घेतलेला नमुना मागे पडतो. म्हणून किट घेताना सगळ्यात आधी लॅब कोणती चाचणी करते ते विचारा. याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली: तपासणीला न येणाऱ्या बायकांना आठवणीचं पत्र पाठवण्यापेक्षा थेट घरी किट पाठवलं, तर जास्त बायका तपासून घेतात. स्वतःच्या अनुभवावरून मला याचं नवल वाटलं नाही.

यानंतर धोरणंही सरकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल असं म्हटलं. सर्वसाधारण बायकांसाठी वयाच्या ३० पासून दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसाठी २५ पासून दर ३ ते ५ वर्षांनी. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून तपासणीच्या वयातल्या सगळ्याच बायकांना हा पर्याय दिला. अमेरिकेत २०२४ मध्ये दवाखान्यात बसून स्वतः नमुना घ्यायला मान्यता मिळाली, २०२५ मध्ये घरी घ्यायच्या पहिल्या साधनालाही. याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे नमुने प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घेतले होते. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे साडेतीन लाख बायका या आजाराने गेल्या. तो आजार व्हायला बहुतेकींच्या बाबतीत १५ ते २० वर्षं लागतात. एवढा अवधी हाताशी असताना त्या गेल्या, याचा मला राग येतो.

आता निकालाविषयी. रात्री जेवणानंतर फोनवर मेसेज आला, त्यात लिंक. उघडली तर तीन ओळी: प्रकार १६, आढळला नाही. प्रकार १८, आढळला नाही. इतर उच्च-धोका प्रकार, आढळला. खाली ‘आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या’. संपलं. फोन नंबर नाही, किती तातडीचं आहे ते नाही, म्हणजे काय तेही नाही. त्या रात्री मी ‘उच्च-धोका’ हे दोन शब्द कितीदा वाचले असतील. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या मुलीने तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. ती नम्र होती, तिच्याकडे सांगण्यासारखं काही दिलेलंच नव्हतं.

त्या पानावर काय हवं होतं ते सांगते. हा कर्करोगाचा रिपोर्ट नाही, हा विषाणू सापडल्याचा रिपोर्ट आहे. ज्यांना हा संसर्ग होतो त्यातल्या बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो स्वतःच आटोक्यात आणतं. जो टिकून राहतो तोच धोक्याचा. १६ किंवा १८ आढळला तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणं. बाकीचा प्रकार आढळला तर आधी पेशींची तपासणी, आणि तिच्यात काही दिसलं तर कॉल्पोस्कोपी. ही पेशींची तपासणी स्वतः घेतलेल्या नमुन्यावर भरवशाने होत नाही, त्यासाठी डॉक्टरकडे जावंच लागतं. हे किट विकतानाच सांगायला हवं. स्पेक्युलम टाळायचं म्हणून किट घेतलेल्या बाईला निकाल पॉझिटिव्ह आला की तेच समोर येतं. अशा वेळी ती गेलीच नाही, तर त्या काडीचा उपयोग काय?

आणि आणखी एक ओळ, जिच्यावाचून घरं मोडू शकतात: हा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो. निकालावरून तो कधी आला, कुणाकडून आला हे सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला, शांतपणे, पण विचारला. मी वाचलेलं होतं म्हणून उत्तर देऊ शकले. न वाचलेल्या बाईने काय सांगायचं? संसर्ग इतका सर्रास आहे, की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. एवढं रिपोर्टवर छापलं असतं, तर कितीतरी भांडणं टळली असती.

पुढचं सगळं स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी निस्तरलं. मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की मागची तपासणी दुखल्यामुळे अर्धी राहिली होती. त्यांनी त्या दिवशी तपासलंच नाही. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम काही आठवड्यांसाठी लिहून दिलं. त्याने अस्तर जरा भरून येतं आणि पेशींचा नमुनाही स्पष्ट मिळतो. पुढच्या भेटीत सगळ्यात लहान मापाचं स्पेक्युलम कोमट करून वापरलं, आणि ‘थांबा म्हणालात की थांबेन’ असं आधी सांगितलं. अस्वस्थ वाटलं, दुखलं म्हणावं असं नाही. असा पर्याय असतो हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. पाळी गेलेल्या सगळ्या बायकांनी हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यांनी क्रीम घेण्याआधी ते आवर्जून सांगावं. माझ्या पेशी सामान्य आल्या. वर्षभराने पुन्हा एचपीव्ही तपासणी करायची आहे.

किट कुणी वापरू नये हेही लिहायला हवं. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, दुर्गंधीचा स्राव, यातलं काही असेल तर काडीच्या नादी लागू नका, सरळ डॉक्टरकडे जा. ही तपासणी लक्षणं नसलेल्या बाईसाठी आहे. पूर्वी गर्भाशयमुखावर उपचार झाले असतील तर आधी विचारा. लस घेतलेल्या मुलींनीही वय झालं की तपासणी करायचीच, कारण लशीत विषाणूचे सगळे प्रकार येत नाहीत.

पाचपैकी गुण द्यायचे तर नमुना घेण्याच्या सोयीला साडेचार, अर्धा झाकणाचा कापला. माहितीपत्रकाला तीन. रिपोर्टला एक, तोही फक्त प्रकार वेगवेगळे दाखवले म्हणून. कंपनीला मी हे सगळं लिहून पाठवलंय, रिपोर्टच्या पानावर काय असावं त्याच्या मजकुरासकट. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही.

वर्षभरानंतरच्या तपासणीसाठी मी पुन्हा किटच वापरणार आहे. डॉक्टरबाईंनी चालेल म्हणून सांगितलंय, फक्त निकाल आला की त्याच दिवशी त्यांना कळवायचा. ताईला तिच्या डॉक्टरांनी ५ वर्षांनी या म्हटलंय. तेव्हा झाकण कसं असेल, असं तिने मला दोनदा विचारलं.